वादी वारल्यावर दावा पुढे चालवायचा असेल तर : तलाठ्याच्या नोंदीसाठी थांबू नका

आमच्या टायपिंग केंद्रात दर आठवड्याला कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येते : "वडील वारले, आता दावा बंद पडला का?"

बंद पडत नाही. जमिनीचा, वाटपाचा, घराच्या ताब्याचा किंवा येणे रकमेचा दावा असेल तर तो वारसांना पुढे चालवता येतो. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधला आदेश २२ त्यासाठीच आहे. अब्रुनुकसानी किंवा मारहाणीच्या भरपाईसारखे त्या माणसापुरते दावे मात्र बहुधा त्याच्याबरोबरच संपतात. आपला दावा कशात मोडतो ते आपल्या वकीलसाहेबांना विचारा. आम्ही वकील नाही. कोर्टासमोर बसून दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रे टाईप करतो आणि कागद वेळेत तयार करून देतो. पण इतकी वर्षे हेच काम केल्यावर माणसे कुठे अडकतात ते रोज दिसते, म्हणून हे पत्रक.

वादी, म्हणजे दावा लावणारा, वारला की वारसांची नावे कोर्टाच्या रेकॉर्डवर आणण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याची मुदत मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस आहे. घोळ होतो तो या ९० दिवसांतच.

"नोंद झाली की येतो"

मागच्या पावसाळ्यात दोन भाऊ आले होते. थोरल्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्याने एकेक कागद काढून टेबलावर मांडला : मृत्यूचा दाखला, फेरफाराची नक्कल, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेली नोंद, नवा सातबारा. सगळे नीट क्रमाने लावलेले. "तलाठी भाऊसाहेबांकडची नोंद मंजूर झाली, आता कोर्टात आमची नावे लावून द्या." मी दाखल्यावरची तारीख पाहिली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून दिवस मोजले. एकशे साठ भरले. धाकटा म्हणाला, "पण कोर्टाची तारीख अजून यायचीय की."

हे भाऊ घरी बसून राहिले नव्हते. पाच महिने त्यांनी तलाठी कार्यालयात खेटे घातले होते. एवढी मेहनत करून माणूस चुकीच्या दारात उभा राहिलेला पाहिला की वाईट वाटते. नव्वद दिवसांच्या आत आले असते तर साधा वारस अर्ज आणि त्याला जोडून प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर काम भागले असते. आता तीन मागण्या कराव्या लागल्या : झालेला विलंब माफ करावा, दावा रद्द झाला तो पूर्ववत करावा, आणि वारसांना रेकॉर्डवर घ्यावे. त्यावर सामनेवाल्याचे, म्हणजे विरुद्ध पक्षाचे म्हणणे, मग युक्तिवाद, मग हुकूम. शेवटी खर्च भरण्याच्या अटीवर अर्ज मंजूर झाला. पण तोवर मूळ दाव्यात एका साक्षीदाराचाही जबाब झाला नाही.

तलाठ्याकडची वारसनोंद ही महसूल दप्तराची गोष्ट. सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागायचे, एवढाच तिचा विषय. तिला नोटीस असते, हरकतीची मुदत असते, आणि घरात वाद असेल तर ती महिनोन्महिने रखडते. दिवाणी कोर्टाला ती आधी लागत नाही. १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळणाऱ्या वारस दाखल्याचेही तसेच. तो मिळवायला स्वतंत्र अर्ज आणि जाहीर नोटीस लागते. दावा पुढे चालवण्यासाठी तो हातात असायलाच हवा असे नाही. वारस कोण यावर वाद झाला तर ते कोर्ट त्याच दाव्यात ठरवते.

आता दिवस कसे मोजायचे ते पाहा. समजा वडील १० जूनला वारले. तो दिवस सोडून मोजायचे, म्हणजे ९० वा दिवस ८ सप्टेंबर. तोवर अर्ज गेला नाही तर मयत वादीपुरता दावा आपोआप रद्द होतो. कोर्टाच्या भाषेत 'अबेट' होतो. त्यासाठी न्यायाधीशांनी वेगळा हुकूम करावा लागत नाही, आपल्याला कोणी नोटीसही पाठवत नाही. म्हणून पुढची तारीख ऑक्टोबरात असली तरी तिचा इथे काही उपयोग नाही. अबेट झालेला दावा पूर्ववत करण्यासाठी आणखी ६० दिवस मिळतात, म्हणजे या उदाहरणात ७ नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतर विलंब माफीचा अर्ज करून उशिराचे कारण कोर्टाला पटवावे लागते. शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज देता येतो, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

"दावा गेला तर नवीन टाकू," असेही काही जण म्हणतात. नाही टाकता येत. दावा अबेट झाला की त्याच कारणावरून नवीन दावा करायला आदेश २२ मध्येच मनाई आहे.

उशीर झालेल्यांनी हातपाय गाळू नयेत. अशा अर्जांत कोर्टे सहसा उदार धोरण ठेवतात. २००३ च्या मिठाईलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले आणि विलंब माफीच्या अर्जात वकील मंडळी त्याचाच हवाला देतात. आमच्याकडे तो परिच्छेद कितीदा टाईप झाला असेल याची गणती नाही. पण उदार धोरण असले तरी त्यात महिने जातात.

बहिणींची नावे

दुसरा घोळ वारसांच्या यादीत होतो. यादी सांगताना मुलगे पटापट नावे देतात, मग थांबतात. "बहिणी आहेत, पण त्या दिल्या घरी. त्यांचे काय?" त्यांचेही नाव लागते. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस. वादीची आई जिवंत असेल तर तिचे नाव हमखास राहून जाते, कारण म्हातारी कोपऱ्यात बसलेली असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुले असतील तर तीही येतात. नातू अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असेल तर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून त्याच्या आईचे किंवा पालकाचे नाव लिहावे लागते. मुसलमान, ख्रिस्ती कुटुंबांत वारसांचे नियम वेगळे आहेत. मृत्युपत्र असेल तर तेही आधीच सांगा.

नावे का लपवली जातात ते आम्हाला कळते. बहिणीचे नाव अर्जात लिहिले की तिला हिस्सा द्यावा लागेल, अशी भीती असते. तर नीट ऐका : रेकॉर्डवर नाव आले म्हणून हिस्सा मिळत नाही आणि नाव गाळले म्हणून हिस्सा बुडत नाही. वारस अर्जावरचा हुकूम दावा पुढे कोणी चालवायचा एवढ्यापुरता असतो. पण गाळलेली बहीण पुढे हरकत घेऊन उभी राहिली की सामनेवाल्याला आयता मुद्दा मिळतो. म्हणून आम्ही सगळ्या वारसांची नावे, वये आणि पत्ते घेतल्याशिवाय वारस अर्ज टाईप करत नाही. यावरून काही ग्राहक रागावून समोरच्या दुकानात गेले आहेत. त्याला आमचा इलाज नाही. प्रतिज्ञापत्रावर शपथ तुमची असते, आणि "याशिवाय दुसरे वारस नाहीत" हे वाक्य खोटे ठरले तर अडचणीत तुम्हीच येता.

एखादी बहीण सहीला येऊ शकत नसेल आणि दिवस भरत आले असतील, तर तिचे नाव-पत्ता लिहून बाकीच्यांनी अर्ज द्यावा. तिला वादी करायचे की प्रतिवादी, ते वकीलसाहेब ठरवतील.

दाव्यात आई आणि मुलगे आधीपासून वडिलांबरोबर वादी असतील तर "आम्ही आहोतच की" म्हणून गप्प बसू नका. दाव्यात नाव नसलेल्या बहिणी राहतात, आणि बहिणी नसल्या तरी वादी क्रमांक १ मयत झाल्याची नोंद रेकॉर्डला यावीच लागते. निदान पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी कळवणारा कागद, तरी द्यावी लागते.

कुलमुखत्यार असलेल्यांनी हे जरूर वाचावे. वडिलांनी तुम्हाला कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने सही करण्याचा अधिकार) दिले असेल, तर वडील गेले त्या क्षणी ते संपले. त्याच्या आधारे पुढच्या तारखेला सही करू नका. वकीलपत्रही वारसांचे नवीन लागते. मात्र वकिलांना लगेच कळवा. पक्षकार वारल्याची बातमी समजली की कोर्टाला ती कळवणे हे वकिलाचे कामच आहे. पण ती बातमी त्यांच्यापर्यंत तुमच्याकडूनच जाणार.

सामनेवाला वारला तरी ९० दिवसच, आणि त्याचे वारस आणण्याची धावपळ आपल्यालाच करावी लागते. अपिलातही हीच मुदत. युक्तिवाद संपून निकालच बाकी असेल, किंवा हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचे काम, चालू असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे असे अबेट होत नाही.

येताना काय आणावे

मृत्यूचा दाखला, दाव्याचा नंबर आणि सर्व वारसांची आधार कार्डे, एवढ्यावर काम सुरू होते. दाखला अजून मिळाला नसेल तरी या. तो मागाहून जोडायचा का, ते वकीलसाहेबांना विचारून ठरवू. दाखल्यावरचे नाव दाव्यातल्या नावाशी ताडून पाहा. दाव्यात पांडुरंग आणि दाखल्यावर पांडू असे असेल तर 'ऊर्फ' लिहून प्रतिज्ञापत्रात तसा खुलासा घालावा लागतो. तो आधीच घातला की अर्ज परत येत नाही.

आमच्याकडे टाईप झालेल्या दाव्याची प्रत आम्ही जपून ठेवतो. त्यामुळे शीर्षक आणि पक्षकारांचे वर्णन पुन्हा लिहावे लागत नाही. मयत वादीच्या जागी १अ, १ब, १क असे वारस घातले की अर्ज त्याच दिवशी तयार होतो. अर्ज मंजूर झाल्यावर दाव्याच्या प्रतीत दुरुस्ती करावी लागते, तीही कोर्टाने दिलेल्या मुदतीत. ती बरेच जण विसरतात, म्हणून आम्ही फोन करून आठवण देतो. वारस अर्जाला पानामागे नेहमीचाच दर आहे, तातडीचे म्हणून जास्त घेत नाही. विलंब माफीच्या अर्जाला पाने जास्त लागतात म्हणून बिल जास्त होते. त्या अर्जात "मृत्यूची तारीख जरा पुढची टाका" असे कोणी सांगितले तर तो कागद आम्ही करत नाही.

घरात दुःख असताना कोर्टाचे कोणाला सुचत नाही, हे आम्ही जाणतो. तेराव्याच्या आधी आलात तरी इथे कोणी नावे ठेवणार नाही. घरच्यांना जमत नसेल तर जावयाला, शेजाऱ्याला, कोणालाही मृत्यूची तारीख सांगून पाठवा. दिवस मोजून शेवटची तारीख कागदावर लिहून देतो, त्याचे पैसे पडत नाहीत.