पडून गेलेला बर्फ पुन्हा उठतो तेव्हा

अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला, आर्क्टिक महासागराच्या काठावर उत्कियाग्विक नावाचं गाव आहे. 2016 पर्यंत नकाशात त्याचं नाव बॅरो असं असे. इन्युपियाक लोकांचं हे गाव 71 अंश उत्तर अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या मध्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ तिथे सूर्य उगवत नाही. वर्षभरात पडणारा सगळा बर्फ आणि पाऊस पाण्याच्या हिशेबाने मोजला, तर दीडशे मिलिमीटरही भरत नाही. आपल्या माणदेशात याहून कितीतरी जास्त पाऊस पडतो. तरीही दर हिवाळ्यात या गावात घरांच्या भिंतींना बर्फाचे उंच ढीग लागतात, रस्ते बुजतात, विमानं येऊ शकत नाहीत.

एवढा बर्फ येतो कुठून? बहुतेक वेळा तो आकाशातून येतच नाही. तो आठवड्यापूर्वी, महिन्यापूर्वी पडून गेलेला असतो आणि वाऱ्याने जमिनीवरून पुन्हा उचललेला असतो. डोक्यावर चांदण्या स्वच्छ दिसत असतात आणि कमरेखाली आपलेच पाय दिसत नाहीत, अशी हिमवादळं तिथे होतात. अमेरिकेच्या हवामान खात्याची हिमवादळाची व्याख्या याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ताशी 56 किलोमीटर किंवा त्याहून जोराचा वारा, आणि बर्फामुळे चारशे मीटरपलीकडचं काही न दिसणं, हे दोन्ही किमान तीन तास टिकलं की ते हिमवादळ. नवा बर्फ पडलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही.

भर दुपारी जोराच्या वाऱ्यात कोकणातल्या एखाद्या रुंद पुळणीवरून चालताना पोटऱ्यांना वाळू टोचते, पण चेहऱ्याला लागत नाही. याचं कारण वाळूचे कण वाऱ्याबरोबर सरळ उडत जात नाहीत, ते जमिनीलगत टुणटुण उड्या मारत जातात. बर्फाचंही तसंच आहे. कोरडा, भुसभुशीत बर्फ असेल तर वारा ताशी 25 ते 30 किलोमीटरच्या पुढे गेला की पृष्ठभागावरचे कण सुटायला लागतात. एक कण वीतभर उंच उडतो, पुढे जाऊन आपटतो, आणि आपटताना आणखी दोन-चार कणांना जागेवरून उठवतो. या उड्यांना शास्त्रज्ञ सॉल्टेशन म्हणतात. लॅटिनमध्ये त्या शब्दाच्या मुळाशी नाचणं, उडी मारणं असा अर्थ आहे. आपटून आपटून सहा कोनांच्या नाजूक चांदण्या मोडतात आणि त्यांचे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे गोलसर दाणे उरतात. वारा आणखी चढला की हे हलके दाणे उड्या मारायचे थांबतात आणि सरळ हवेतच तरंगत राहतात, माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर.

इथे गणित फार निर्दय आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वाहून नेल्या जाणाऱ्या बर्फाचं प्रमाण दुप्पट होत नाही, ते दसपटीच्याही पुढे जातं. म्हणून तासाभरापूर्वी नुसती घोट्याशी भुरभुर दिसत असलेल्या ठिकाणी थोड्याच वेळात हातभर अंतरावरचा सोबतीही दिसेनासा होतो. दाणे बारीक झालेले असल्याने तेवढ्याच वजनाच्या बर्फात त्यांची संख्या प्रचंड वाढते आणि प्रत्येक दाणा प्रकाश विखुरतो. पडणाऱ्या बर्फातून थोडं तरी दिसतं. वाऱ्याने दळलेल्या बर्फातून ते दिसत नाही. हा बर्फ दाराच्या फटीतून, किल्लीच्या भोकातूनसुद्धा पिठासारखा आत येतो.

किनाऱ्यावर हे जास्त का होतं, ते समजायला उत्तरेकडची जमीन डोळ्यांपुढे आणावी लागते. टुंड्रात झाड नाही. जमीन सपाट आणि तिच्यापुढचा गोठलेला समुद्रही सपाट. वाऱ्याला अडवायला शेकडो किलोमीटर काही नाही. त्यात एका बाजूला अतिथंड, जड हवा आणि दुसऱ्या बाजूला न गोठलेल्या समुद्रावरची तुलनेने उबदार हवा असते. या फरकातून जोराची वादळं उभी राहतात. पूर्व ग्रीनलंडमध्ये तर हिमस्तराच्या उतारावरून थंड हवा दरीत कोसळावी तशी किनाऱ्यावर येते. तिथले लोक तिला पितेराक म्हणतात. फेब्रुवारी 1970 मध्ये अशाच एका पितेराकने तासिलाक गावाची मोडतोड केली होती.

थंडीचा हिशेब वेगळाच. उणे 30 अंश तापमानात ताशी 50 किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे 49 अंशांसारखी लागते. गाल आणि नाक काही मिनिटांत गोठू शकतात. अशा वेळी बर्फात अडकलेली गाडी सोडून मदतीला चालत निघणं ही सगळ्यात जीवघेणी चूक असते. गाडीत थांबलेल्यांनाही एक धोका असतो. धुराड्याचं तोंड बर्फाने बुजलं, तर चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. अलास्काच्या उत्तरेकडच्या तेलक्षेत्रांत म्हणूनच वादळाच्या तीन पायऱ्या ठरवलेल्या आहेत. दुसऱ्या पायरीला गाड्यांनी ताफ्यानेच निघायचं, तिसऱ्या पायरीला फक्त अत्यावश्यक कामासाठी. उत्तर नॉर्वेतही घाटमाथ्यावर गाड्या बर्फ हटवणाऱ्या यंत्रामागे रांगेने नेतात.

उत्कियाग्विकने यावर 1997 च्या शरदात एक उपाय केला. गावाच्या पूर्वेला 4 मीटर उंच आणि 2.2 किलोमीटर लांब असं हिमकुंपण बांधलं. हे कुंपण भिंतीसारखं गच्च नसतं, त्यात मुद्दाम मोकळ्या फटी ठेवतात. वारा फटींतून जातो, पण त्याचा जोर मोडतो, आणि हातातलं ओझं टाकून द्यावं तसा तो बर्फ कुंपणाच्या पलीकडे टाकतो. जवळजवळ निम्मं मोकळं असलेलं कुंपण आपल्या उंचीच्या तीस-पस्तीस पट लांबीचा ढीग साठवू शकतं. तो बर्फ गावापर्यंत पोचत नाही.

पण जाड बर्फ ही जमिनीवरची गोधडीच असते. ढिगाखालची जमीन हिवाळ्यात बाहेरच्या थंडीपासून सुरक्षित राहिली आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बरीच उबदार राहिली. शेकडो वर्षं गोठलेल्या मातीतला वरचा बर्फ वितळू लागला, जमीन खचली, खड्ड्यांत पाणी साचलं. शास्त्रज्ञांनी हे वर्षानुवर्षं मोजलं. मला या हकिगतीतलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं: तिथे वाऱ्याचं ओझं एका जागेवरून हलवलं की त्याचा भार जमिनीला दुसरीकडे सोसावा लागतो.

हाच बर्फ डोंगराच्या आडोशाला टाकला जातो तेव्हा त्याचं रूप भयंकर होतं. नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगयिअरब्येन गावात 18 डिसेंबर 2015 च्या रात्री पूर्वेकडून वादळ आलं. वाऱ्याने पठारावरचा बर्फ उचलून सुकरटोपेन डोंगराच्या गावाकडच्या उतारावर रचला. 19 तारखेच्या सकाळी तो थर तुटला, अकरा घरं जागेवरून सरकली आणि दोन जीव गेले. त्यात एक लहान मूल होतं. त्या वस्तीमागच्या उतारावर पुढे कुंपणं आणि आधार उभारले गेले.

याच द्वीपसमूहात नी-ओलेसुंद इथे 2008 पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे. ते चालवणारी संस्था गोव्यात वास्को इथे आहे. डिसेंबर 2023 पासून भारतीय शास्त्रज्ञ तिथे हिवाळ्यातही जाऊ लागले.

कॅनडाच्या इग्लूलिक भागातल्या इन्युइट शिकाऱ्यांनी मात्र या बर्फाकडे वेगळ्याच डोळ्यांनी पाहिलं. पश्चिम-वायव्येकडून येणाऱ्या नेहमीच्या वाऱ्याला ते उआंगनाक म्हणतात. तो जमिनीवरच्या बर्फाच्या जिभेसारख्या, टोकदार, कडक वळ्या घडवतो. त्यांचं नाव उकालुराइत. सगळ्यांचं टोक एकाच दिशेला असतं आणि नंतरच्या वादळात त्या सहसा मोडत नाहीत. वाट दिसेनाशी झाली, तारे झाकले गेले, तर शिकारी त्या वळ्या सतत एकाच कोनात ओलांडत जातो. काळोखात तो वळीचं टोक पायाने चाचपतो, आणि स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची गाडी, किती, कुठल्या बाजूला कलते त्यावरून घराची दिशा धरतो.