घरातील स्वसंरक्षणाचा हक्क व शस्त्र परवाना (कोल्हापूर जिल्हा)

घरात शिरलेल्या हल्लेखोरापासून किंवा चोरापासून स्वतःचा, घरच्यांचा आणि चीजवस्तूचा बचाव करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी हाच हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. आकडे बदलले, आशय जवळजवळ तोच राहिला. बंदुकीचा परवाना ही निराळी बाब असून ती १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येते. चोऱ्यांचे सत्र सुरू झाले की कोल्हापुरात या दोन गोष्टी एकाच दमात बोलल्या जातात, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. बचावाचा हक्क प्रत्येकाला आहे, मग हातात मुसळ असो वा पहार. बंदूक मात्र सरकारने परवानगी दिली तरच बाळगता येते.

या हक्काची सर्वांत मोठी व्याप्ती, म्हणजे समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा न ठरणे, घराच्या बाबतीत कलम ४१ मध्ये सांगितली आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, आणि ज्या चोरीत किंवा घुसखोरीत जिवाची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी परिस्थिती, एवढ्याच वेळी ती मुभा आहे. ‘रात्र’ इथे घड्याळावर नव्हे, सूर्यावर मोजतात. डिसेंबरात कोल्हापूरला सहा-सव्वासहालाच ती सुरू होते. घरफोडी या शब्दालाही नेमका अर्थ आहे. भिंतीला भोक पाडणे, कौले सरकवून उतरणे, कुलूप उघडणे, माणसाच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणे, धाकदपटशा करून आत येणे ही सगळी घरफोडीच. भरदुपारी उघड्या दारातून येऊन सोप्यातली घागर उचलणारा मात्र साधा चोर. त्याला अडवता येते, झटापटीत त्याला इजाही झाली तरी चालते, पण त्याचा जीव घेता येत नाही.

समजा, शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या मळ्यात एकटे घर आहे. चहूबाजूंनी ऊस, सर्वांत जवळची वस्ती हाकेच्याही पलीकडे. मध्यरात्री मागच्या पडवीची कौले वाजतात, कोणीतरी खाली उडी टाकतो, आणि घरचा माणूस अंधारातच हाताला लागलेली पहार हाणतो. इथे कायदा घरच्या माणसाच्या बाजूने उभा राहतो. पोलिसांची मदत मिळवायला सवड असेल तर ती घ्यावी, असे कलम ३७ म्हणते. पण असल्या जागी ती सवड नसते. आता पुढचा प्रसंग पाहा. चोर जखमी होऊन पडला आहे, त्याच्या हातात काही उरलेले नाही. आरडाओरडा ऐकून माणसे धावत येतात, त्याला गोठ्याच्या खांबाला बांधतात आणि पहाटेपर्यंत काठ्यांनी बडवतात. त्या क्षणापासून बचाव संपलेला असतो. तो दगावला तर बडवणाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. खांबाला बांधून मारणे ही गावाची जुनी रीत असली, तरी ती बचाव ठरत नाही. एका रात्रीच्या रागापायी चांगली घरेही कोर्टाच्या पायऱ्या चढू शकतात, म्हणून इथे त्यावर भर दिला आहे. पकडलेल्या चोराचे काय करायचे तेही कायद्याने सांगितले आहे. दखलपात्र (ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर करणाऱ्याला सामान्य नागरिकही धरू शकतो, मात्र विनाकारण विलंब न लावता आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. ही मुदत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम ४० मधली आहे.

बचाव म्हणून वार केला हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. पण सरकारी पक्षाइतका कडक पुरावा त्याच्याकडून मागितला जात नाही, त्याचे म्हणणे संभाव्य वाटले तरी पुरते. घाबरलेल्या माणसाच्या प्रत्येक फटक्याचे माप सोन्याच्या तराजूत तोलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालय अनेक निकालांत म्हणत आले आहे. कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारातला काटा गुंजभर फरकही दाखवतो. अंधारात दारामागे उभ्या असलेल्या माणसाकडून तो हिशेब न्यायालय मागत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, हल्ला समोर उभा असताना कायदा पाळणाऱ्या माणसाने भेकडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. प्रामाणिकपणे बचाव करताना मर्यादा ओलांडली गेली आणि मृत्यू झाला, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरला जातो.

कोल्हापूरला पोलिस आयुक्तालय नसल्यामुळे शस्त्र परवान्याचा निर्णय जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी या नात्याने घेतात. अर्जदाराचे वय २१ पूर्ण लागते. अर्ज पोलिसांकडे चौकशीला जातो. जिवाला धोका खरोखर आहे का, पूर्वीचे गुन्हे आहेत का, हे पाहून अहवाल येतो. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. मिरवणुकीत किंवा वरातीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक म्हणजे बागायतदाराच्या घरची शोभा, ही समजूत जिल्ह्यात खोल रुजलेली आहे. कायद्याला ती मान्य नाही: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. निवडणुकीच्या काळात छाननी समिती ज्यांच्याबाबत ठरवेल त्यांना बंदूक पोलिस ठाण्यात जमा करावी लागते.

अमेरिकेत चित्र उलटे आहे. तिथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क मानला आणि २००८ मध्ये हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरातल्या स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणे त्यात येते असे ठरवले. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख येतो तो उलट अंगाने: नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र.

राधानगरी, भुदरगड भागातल्या बारा बोअरच्या बऱ्याच बंदुका चोरासाठी नव्हे, पीक राखण्यासाठी घेतलेल्या. दाजीपूरच्या जंगलातून उतरणारा गवा मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिकात शिरला म्हणून त्याला मारता येत नाही; अंगावर आला आणि जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे मारावा लागला, तरच १९७२ च्या कायद्याचे कलम ११ संरक्षण देते. नेमबाजीचे परवाने वेगळ्या तरतुदींखाली मिळतात. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे बंदुकीचे हेही रूप जिल्ह्याला घरोघर माहीत झाले.

खंडेनवमीला ज्या तलवारी देवघरापुढे मांडल्या जातात, त्याही शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र. शेतीच्या व घरकामाच्या अवजारांना यातून वगळले आहे. म्हणून ऊसतोडीचा कोयता घरात अवजारच राहतो. महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश लागू असताना तोच कोयता परजत रस्त्यावर आणला, तर गुन्हा होतो.