झिंक ऑक्साइड

झिंक ऑक्साइड (जस्ताचे ऑक्साइड) हे जस्त आणि ऑक्सिजन यांचे पांढऱ्या, वासहीन, मऊ पुडीच्या रूपातले संयुग आहे. निसर्गात ते झिंकाइट या खनिजात क्वचित आढळते. उद्योगात लागणारे जवळजवळ सगळे तयार केलेले असते. बडोद्यात आणि आसपास टायर, खत, तेलशुद्धीकरण, विजेची उपकरणे असे उद्योग आहेत, आणि या चारही क्षेत्रांत झिंक ऑक्साइडला काम असते. ज्यांची नोकरी रिफायनरीत किंवा जीएसएफसी या खत कंपनीत झाली अशी माणसे बडोद्यातल्या मराठी घरांत पुष्कळ भेटतात, पण हा पदार्थ कारखान्याबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो. तो ठाऊक असावा इतका तो कामाचा आहे.

गुणधर्म : घनता पाण्याच्या साडेपाचपटींहून थोडी जास्त, वितळणबिंदू सुमारे १,९७५ अंश सेल्सिअस. पाण्यात विरघळत नाही, मात्र सौम्य आम्लात विरघळतो आणि तीव्र अल्कलीतही विरघळतो. म्हणून तो उभयधर्मी. परीक्षानळीत चिमूटभर पूड घेऊन बर्नरवर धरली, की ती हळूहळू पिवळी पडते आणि गार होताना पुन्हा पांढरी होते. तापल्यावर स्फटिकातला थोडासा ऑक्सिजन निसटतो आणि जस्ताचे प्रमाण किंचित वाढते. झिंक ऑक्साइड अर्धसंवाहक आहे. त्याची ऊर्जा-फट, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. त्यामुळे दृश्य प्रकाश तो शोषत नाही, जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरण मात्र शोषून घेतो. सनस्क्रीन मलमांत त्याला जागा मिळाली ती यामुळे.

निर्मिती : जस्त ९०७ अंशांना उकळते. ती वाफ हवेत पेटवून तयार होणारी पांढरी धूळ पिशव्यांच्या गाळणीत धरायची, ही ‘फ्रेंच’ पद्धत. तिच्यातून शुद्ध माल मिळतो. जस्ताचे धातुक किंवा राख कोळशाबरोबर तापवून निघालेली वाफ जाळायची, ती ‘अमेरिकन’ पद्धत. लोखंडावर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांत कढईत राहणारा गाळ आणि वरची राख हाही कच्चा माल म्हणून वापरतात. आयुर्वेदातल्या यशदभस्मातही मुख्यतः हेच संयुग असते.

रबर : जगातल्या उत्पादनाचा निम्म्याच्या आसपास वाटा रबराकडे जातो. बडोद्याजवळ वाघोडिया तालुक्यात लिमडा येथे आणि हालोल येथे टायरचे मोठे कारखाने आहेत. कच्च्या रबराला गंधक घालून तापवले, की रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, हे व्हल्कनीकरण. नुसत्या गंधकाने ते फार रेंगाळते. म्हणून शंभर भाग रबरात साधारण तीन ते पाच भाग झिंक ऑक्साइड आणि थोडे स्टिअरिक आम्ल मिसळतात. दोहोंपासून रबरात विरघळणारा जस्ताचा साबण बनतो, तो अ‍ॅक्सलरेटर (ही क्रिया वेगाने घडवणारे रसायन) आणि गंधक यांच्याशी जोडला जातो आणि मग साखळ्यांमधले दुवे भराभर, आखूड आणि मजबूत तयार होतात. पूड नीट पसरली नाही, गोळे राहिले, तर टायर तिथेच कच्चा राहतो. इथे शुद्धतेइतकेच महत्त्व कणांच्या बारीकपणाला आहे. टायर झिजतो तेव्हा हे जस्त रस्त्यावरून पावसाच्या पाण्यात उतरते आणि जलचरांना बाधते, म्हणून त्याचे प्रमाण कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते व्हायलाच हवेत.

गंधक शोषणे : जीएसएफसीचा खतकारखाना १९६७ मध्ये सुरू झाला, कोयलीची रिफायनरी त्याआधी, १९६५ मध्ये. अमोनियासाठी किंवा रिफायनरीसाठी नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन करताना निकेलचा उत्प्रेरक लागतो आणि गंधकाचा अंशही त्याला निकामी करतो. म्हणून वायू आधी सुमारे ३५० ते ४०० अंशांवर झिंक ऑक्साइडच्या गोळ्यांच्या थरातून जाऊ देतात. हायड्रोजन सल्फाइडमधला गंधक जस्ताला चिकटतो, झिंक सल्फाइड होते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. हा उत्प्रेरक नव्हे. तो स्वतः खर्च होतो. थर भरत आला की बदलावा लागतो. महागडा उत्प्रेरक वाचतो तो या स्वस्त गोळ्यांच्या जिवावर.

वीज : सर्वांत विलक्षण उपयोग हा. १९७० च्या सुमारास जपानमधील मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइडमध्ये बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीज इत्यादींची ऑक्साइडे थोडी मिसळून, चकत्या दाबून उच्च तापमानाला भाजल्या. भाजलेल्या चकतीत झिंक ऑक्साइडचे बारीक कण आणि त्यांच्या सीमांवर बिस्मथचा पातळ थर असतो. प्रत्येक सीमा साधारण तीन व्होल्टपर्यंत विजेला अडवते, त्यापुढे एकदम वाट देते. मिलीमीटरभर जाडीत शंभर सीमा आल्या तर तीनशे व्होल्टपर्यंत रोध मिळतो. नेहमीच्या दाबाला चकती जवळजवळ बंद असते. वीज कोसळली की क्षणात उघडून तो लोंढा जमिनीत सोडते आणि पुन्हा बंद होते. उपकेंद्रांतल्या ट्रान्सफॉर्मरशेजारी उभे असणारे लाइटनिंग अरेस्टर अशा चकत्या रचूनच बनतात. विद्युत उपकरणांच्या चाचणीसाठी १९७४ मध्ये स्थापन झालेली ‘एर्डा’ ही संस्था बडोद्यातच, मकरपुऱ्यात आहे.

रंग व औषध : सफेद्यासाठी पूर्वी शिशाचे संयुग वापरत, ते विषारी, शिवाय हवेतल्या गंधकाने काळवंडणारे. जस्ताचे सल्फाइड पांढरेच असल्याने झिंक व्हाइट काळा पडत नाही. तैलरंगात मात्र तो काही वर्षांनी कडक होऊन तडकतो, आणि पुढे टायटॅनियम व्हाइटने त्याची जागा बरीचशी घेतली. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेपासून बडोद्याला रंगरसायनाच्या शिक्षणाची परंपरा आहे. त्या गावातल्या चित्रकारांनी हा दोष लक्षात ठेवावा. कॅलमाइन लोशनमध्ये झिंक ऑक्साइड असते, गुलाबी छटा लोहाच्या ऑक्साइडची. दातांचे डॉक्टर लवंगतेलातल्या युजेनॉलबरोबर ते कालवून तात्पुरते सिमेंट भरतात.

धोका : पूड त्वचेवर निरुपद्रवी, पण ताजा धूर घातक. मुलामा दिलेल्या पत्र्यावर किंवा पाइपवर वेल्डिंग केल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते. हा ‘धातूच्या धुराचा ताप’ एक-दोन दिवसांत उतरतो. वेल्डिंगच्या जागेचा मुलामा आधी घासून काढणे आणि उघड्यावर किंवा धूर ओढणाऱ्या पंख्याजवळ काम करणे, हे उपाय साधे असून बहुतेक वेळा पुरतात.