हाताच्या चेतांमधील रचनाभेद व चेता-इजेचे निदान

हाताच्या पंजाला संवेदना आणि हालचाल पुरवणाऱ्या मीडियन, अल्नर व रेडियल या तीन मुख्य चेतांच्या (नर्व्ह) वाटा सर्व माणसांत एकसारख्या नसतात. काहींच्या हातात एका चेतेचे तंतू वाटेतच दुसरीला जाऊन मिळतात आणि तिच्यातून पुढे जातात. या फरकांना रचनाभेद म्हणतात. तो आजार नव्हे. ज्याच्या हातात तो असतो त्याला जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. लागलाच तर मनगटाला किंवा कोपराला जखम झाल्यावर, आणि तोही तपासणाऱ्याला शंका आली तरच.

बोलीत ‘नस’ हा एकच शब्द चेतेला, शिरेला आणि कधी कधी स्नायूबंधालाही (टेंडन) चालतो. त्यामुळे ‘नस कापली’ म्हणत आलेल्या माणसाचे यांपैकी नेमके काय कापले आहे, इथूनच निदानाची सुरुवात होते. नाशिक परिसरात अशा जखमांची कारणे ठरलेली आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील प्रेस व पत्रा, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतील छाटणीची कात्री, घरातली विळी, फुटलेली काच. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडतात. तिथे आसारीवरून (फिरकी) सुटणारा मांजा बोटे चिरतो. बंदी असूनही विकला जाणारा नायलॉन मांजा तर दुचाकीवरून जाणाऱ्याचा गळा किंवा हातही कापतो. धारदार वस्तूने झालेली अशी जखम बाहेरून इंचभर दिसते, पण आत ती कुठवर गेली आहे हे तिच्या लांबीवरून कळत नाही.

पाठ्यपुस्तकातला नकाशा सोपा आहे. अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची तळव्याकडील संवेदना मीडियनकडे. करंगळी व अनामिकेची उरलेली बाजू अल्नरकडे. अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याची पाठीकडची कातडी रेडियलकडे. पंजातील लहान स्नायूंपैकी बहुतेक अल्नरचे. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्याचे बरेचसे स्नायू आणि तर्जनी व मधल्या बोटाचे दोन लहान स्नायू मीडियनचे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकातच आहे. राज्यभरातले वैद्यकीय विद्यार्थी पहिल्याच वर्षी त्याच्या परीक्षेसाठी हा नकाशा पाठ करतात. तो चुकीचा नाही, पण तो सरासरी हाताचा आहे. विच्छेदनाच्या टेबलावरचा हात त्याला अनेकदा जुमानत नाही.

सर्वांत परिचित भेद म्हणजे मार्टिन-ग्रूबर जोड. स्वीडनच्या रोलंड मार्टिन यांनी तो १७६३ मध्ये नोंदवला आणि वेंझेल ग्रूबर यांनी १८७० मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास केला. यात मीडियनमधले काही तंतू कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागात, अल्नरकडे ओलांडून जातात. साधारण दर पाच-सहा माणसांमागे एकात हा जोड आढळतो, म्हणजे त्याला दुर्मीळ म्हणण्याची सोय नाही. याच्या उलट, अल्नरकडून मीडियनकडे जाणारा मारिनाची (Marinacci) जोड मात्र खरोखर विरळा.

दुसरा भेद तळहातात असतो. रिश आणि कान्यू या दोघांनी १८९७ मध्ये स्वतंत्रपणे वर्णन केलेल्या या जोडात अल्नरची खोल शाखा अंगठ्याकडे जाणाऱ्या मीडियनच्या शाखेला मिळते. काही हातांत अंगठ्याचा सगळा उंचवटा अल्नरच चालवते. तिसरा बेरेत्तिनी जोड संवेदनेचा आहे. मधले बोट व अनामिकेकडे जाणाऱ्या शाखा त्यात तळहातातच एकमेकींना मिळतात. अर्ध्याहून अधिक हातांत तो सापडत असल्याने त्याला भेद म्हणावे की नियम, हाच प्रश्न आहे. ज्याचे नाव त्याला मिळाले तो पिएत्रो बेरेत्तिनी शरीरशास्त्रज्ञ नव्हता, चित्रकार होता. त्याने काढलेली शरीररचनेची चित्रे १७४१ मध्ये रोममध्ये छापली गेली.

या जोडांमुळे फसगत कशी होते? मनगट कापलेला माणूस अपघात विभागात येतो. ‘अंगठा वर उचला,’ म्हटल्यावर तो उचलतो. कागदावर ‘चेता शाबूत’ अशी नोंद होते, कातडी शिवली जाते. पण रिश-कान्यू जोड असेल, तर मीडियन पूर्ण तुटलेली असतानाही अंगठा अल्नरच्या जोरावर उचलला जातो. तसेच कोपराशी अल्नर तुटली, पण तिच्या लहान स्नायूंचे तंतू मार्टिन-ग्रूबर वाटेने खालून येऊन मिळत असतील, तर पंजा वाकडा होत नाही. फ्रोमांची चाचणीही नकारात्मक येऊ शकते. या चाचणीत अंगठा आणि तर्जनीची कड यांमध्ये कागद, एसटीचे तिकीटही चालेल, धरायला सांगून ते ओढतात. अल्नर दुबळी असेल तर माणूस नकळत अंगठ्याचे टोकाकडचे पेर वाकवून कागद धरून ठेवतो, कारण ते पेर वाकवणारा स्नायू मीडियनचा असतो.

म्हणून हालचालीपेक्षा संवेदनेवर, आणि तीही नेमक्या जागेवरच्या, अधिक भरवसा ठेवावा. मार्टिन-ग्रूबर आणि रिश-कान्यू जोडांतून जाणारे तंतू बहुतांशी हालचालीचे असतात. मीडियनसाठी तर्जनीच्या टोकाची गादी आणि अल्नरसाठी करंगळीच्या टोकाची गादी, या दोन जागांवर शेजारणीचे अतिक्रमण क्वचितच होते. अनामिकेवरून मात्र निष्कर्ष काढू नये. करंगळीच्या पाठीची संवेदनाही पाहावी; तिथली शाखा मनगटाच्या काही सेंटिमीटर वरच फुटते, त्यामुळे गादी बधिर आणि पाठ शाबूत असेल तर अल्नर त्या शाखेच्या खाली, मनगटाजवळ, तुटली असण्याची शक्यता जास्त. उघडलेल्या पेपर क्लिपची दोन टोके बोटावर टेकवून ती दोन आहेत की एक हे विचारणे ही स्वस्तातली चांगली परीक्षा; निरोगी बोटाला ६ मिलिमीटरवरचीही दोन टोके ओळखू येतात. हे सारे भूल देण्याआधी करायचे असते. टाके घालण्याच्या घाईत नेमके तेच राहून जाते.

लहान मूल काय जाणवते ते सांगत नाही. त्याचा हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवावा. धुणीभांडी केल्यावर बोटे सुरकुततात तशी शाबूत बोटे सुरकुततील; चेता तुटलेले बोट गुळगुळीतच राहील. त्या बोटाला घामही येत नाही, त्यामुळे प्लॅस्टिकचे पेन त्यावरून अडखळल्याशिवाय सरकते.

विद्युत तपासणी लगेच केली तर उलट दिशाभूल होते. तुटलेल्या चेतेचा खालचा तुकडा काही दिवस संदेश वाहत राहतो. स्नायूतली बिघाडाची लक्षणे दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. मनगटातील मीडियन दाबली जाण्याच्या विकारात, ज्याला कार्पल टनेल म्हणतात, मार्टिन-ग्रूबर जोड असला तर यंत्रावर संदेशाचा वेग अशक्य वाटावा इतका जास्त दिसतो. हा आकडा म्हणजे जोडाची खूण आहे हे तंत्रज्ञाला ठाऊक असावे लागते. जखम नसताना करंगळी बधिर होऊन कोपरामागची अल्नर जाड लागत असेल, तर आपल्याकडे कुष्ठरोगाचा विचार आजही पहिल्यांदा करावा.

शंका उरलीच तर जखम शस्त्रक्रियागृहात उघडून चेता डोळ्यांनी पाहणे हाच निर्णायक उपाय. नीट जोडलेली चेता दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत साधारण १८ सेंटिमीटर धरले, तर द्राक्षबागेतल्या ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत कापलेल्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला पहिल्या मुंग्या येईपर्यंत एप्रिलच्या खरड छाटणीची वेळ झालेली असते.