वॉटेज, ई-सिगारेटमधील

ई-सिगारेटच्या (व्हेपच्या) कॉइलला, म्हणजे निकोटीनचे लिक्विड तापवून त्याची वाफ करणाऱ्या तारेला, बॅटरीकडून मिळणारी विद्युत शक्ती. ती वॅटमध्ये मोजतात. काही उपकरणांत बटणाने ही शक्ती कमी-जास्त करता येते. अशा उपकरणाला बहुधा 'मॉड' म्हणतात. ते हाती आले की पहिला प्रश्न असतो, किती वॅटवर ठेवायचे? याला एकच आकडा हे उत्तर नाही. कॉइलचा रोध, तिच्या तारेची जाडी, लिक्विडचा दाटपणा, हवेला मिळणारी वाट आणि झुरक्याची लांबी यांवर तो ठरतो. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी असल्याने मुंबईत दिसणारी ही उपकरणे चोरट्या बाजारातली असतात. त्या बाजाराचा या आकड्याशी असलेला संबंध पुढे आला आहे.

कॉइल म्हणजे कापसाच्या वातीला लागून बसवलेली बारीक तार किंवा जाळी. शक्तीचे गणित ओहमच्या नियमातून येते : व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. ४ व्होल्टवर १ ओहमची कॉइल १६ वॅट घेते, तर ०.५ ओहमची ३२ वॅट. सर्किट नसलेल्या 'मेकॅनिकल' मॉडमध्ये बॅटरी ४.२ व्होल्टवरून उतरत जाते तशी शक्तीही घटते. आताची उपकरणे रोध स्वतः मोजतात आणि मागितलेल्या वॅटला लागेल तेवढे व्होल्टेज पुरवतात.

खरी गोम उष्णतेच्या हिशेबात आहे. लिक्विडमध्ये मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. पहिल्याचा उत्कलनबिंदू सुमारे १८८° से., दुसऱ्याचा सुमारे २९०° से. वात ओली आहे तोवर कॉइलची बरीचशी उष्णता द्रवाची वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान मिश्रणाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहते. वॅट वाढवले तर आधी वाफ वाढते, तापमान फारसे नाही. मात्र वातीतून द्रव वर येण्याचा वेग वाफ होण्याच्या वेगाला पुरला नाही, की कॉइल एकदम तापते आणि कापूस करपतो. समईतले तेल संपत आल्यावर वातच जळू लागते, तसाच हा प्रकार. अशा कोरड्या झुरक्याची चव इतकी जळकट असते की घेणारा आपोआप थांबतो. करपलेल्या कापसाची चव वॅट खाली आणूनही जात नाही. कॉइल बदलावीच लागते.

म्हणून योग्य वॉटेज हा बिंदू नसून पट्टा असतो. त्याच्या खालच्या टोकाला वाफ पातळ व थंड लागते, न उडालेले लिक्विड कॉइलमध्ये साचून गुरगुरते, कधी तोंडात शिंतोडे येतात. वरच्या टोकाला वात मागे पडते. बऱ्याच कॉइलवर '४०–६० वॅट' असा पट्टा छापलेला असतो. नेहमीची रीत अशी : नव्या कॉइलच्या कापसावर लिक्विडचे थेंब सोडायचे, टाकी भरून पाच-दहा मिनिटे थांबायचे, पट्ट्याच्या तळापासून सुरुवात करून दोन ते पाच वॅटने वर जायचे. चव भरत जाते, मग एका टप्प्यावर घशाला खरखर लागते. तिथून एक पायरी मागे यायचे. थांबण्याची ही पायरीच सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते. लागोपाठ झुरके घेतले तर वातीला भरून यायला वेळ मिळत नाही आणि एरवी निर्धोक असलेला आकडाही कापूस जाळतो.

रोध सारखा असला तरी जाड, गुंफलेल्या तारेच्या कॉइलला तापायला जास्त शक्ती लागते. ग्लिसरीन ७० टक्क्यांच्या वर असलेले दाट लिक्विड पॉडच्या (कमी शक्तीच्या छोट्या व्हेपच्या) वातीत नीट चढत नाही. १०–२० वॅटच्या पॉडला निम्मे-निम्मे मिश्रण बरे पडते. गोडीसाठी घातलेला सुक्रालोज कॉइलवर काळा थर धरतो. मुंबईची हवाही यात येते. थंड प्रदेशात ग्लिसरीन घट्ट होते, म्हणून तिथे बाटली कोमट करून घेण्याचा सल्ला देतात. इथे मे महिन्यात उलट होते, लिक्विड पातळ होऊन टाकी गळते. पावसाळ्यात वेगळाच प्रश्न. दोन्ही मुख्य घटक हवेतले पाणी शोषतात, त्यामुळे उघड्या राहिलेल्या बाटलीतले लिक्विड तडतडते.

वॅट वाढले की दर झुरक्याला वाफ वाढते, आणि तिच्याबरोबर निकोटीनही. युरोपीय संघात २०१६ पासून निकोटीनवर मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण इतरत्र निकोटीन सॉल्टची (आम्ल मिसळून घशाला सौम्य केलेल्या निकोटीनची) ५० मिलिग्रॅमची लिक्विडेही बाजारात असतात. ती कमी शक्तीच्या पॉडसाठी बनवलेली असतात. मोठ्या मॉडमध्ये घातल्यास मळमळ आणि चक्कर येते.

तापमान-नियंत्रण हा दुसरा मार्ग. निकेल, टायटॅनियम आणि स्टेनलेस स्टील यांचा रोध तापल्यावर वाढतो. त्या वाढीवरून सर्किट कॉइलचे तापमान काढते आणि मर्यादेवर शक्ती आवरते. कँथल या लोह-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा रोध फारसा बदलत नसल्याने त्या तारेवर हा उपाय चालत नाही.

बॅटरीबाबत एक गैरसमज घट्ट आहे. सर्किट असलेल्या उपकरणात बॅटरीवरचा ताण कॉइलच्या ओहमवर नव्हे, मागितलेल्या वॅटवर ठरतो. एका सेलवर ६० वॅट मागितले आणि सेल ३.२ व्होल्टपर्यंत उतरला असेल, तर तो जवळपास १९ अँपिअर ओढतो. सर्किटमधली गळती धरून २० च्या वर. चांगल्या १८६५० सेलची (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेलची) सलग क्षमता बहुधा याच घरातली असते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात टॉर्च आणि पॉवर बँकेसाठी हेच सेल मिळतात. '९९०० एमएएच' (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) छापलेला सेल दिसला तर तो खोटा समजावा, कारण या मापात ३६०० च्या आसपासच मजल जाते. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढून नवे वेष्टन चढवलेले सेल जास्त अँपिअरला तापतात, प्रसंगी पेटतात.

आरोग्याच्या अंगाने पाहता, जास्त शक्तीवर ग्लायकॉल आणि ग्लिसरीन विघटित होऊन फॉर्मॅल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड व अ‍ॅक्रोलीन तयार होतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना एका उपकरणात ३.३ व्होल्टवर फॉर्मॅल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नाहीत, ५ व्होल्टवर आढळली. त्यावर, इतकी जळकी वाफ कोणी ओढणारच नाही, असा आक्षेप आला. आक्षेपात तथ्य आहे, पण खालच्या वॉटेजने वाफ निरुपद्रवी होत नाही : निकोटीनचे व्यसन राहते, आणि कॉइलमधून उतरलेले निकेल, क्रोमियम व शिसे वाफेत सापडले आहे.

महाराष्ट्रात धुराच्या दुसऱ्या शौकावर आधीच बंदी आली होती. लोअर परळच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जण दगावले; त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लर बंद केली. १८ सप्टेंबर २०१९ च्या केंद्राच्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण व जाहिरात बंद झाली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी पानटपऱ्यांवर आणि ऑनलाइन छुपी विक्री चालते, पोलीस छापे घालतात.

अशा मालाची तपासणी कोणीच करत नाही. कॉइल नकली असेल तर तिच्यावर छापलेला पट्टाही नकली, बाटलीवरचा निकोटीनचा आकडा तोंडी भरवशाचा. या शहरात पकडला जाणारा बराच माल एकदा वापरून फेकायच्या व्हेपचा असतो. त्यांची शक्ती कारखान्यातच ठरते आणि वापरणाऱ्याच्या हाती वॉटेजचे बटण नसते.