कान, कंडेन्सर आणि परभणीचा उन्हाळा

अण्णांचा जुना ॲम्प्लिफायर मी मे महिन्यात उघडला. भजन संपलं, की दोन ओळींमधल्या शांततेत स्पीकरमधून 'हूं' असा जाड आवाज यायचा. झाकण काढल्यावर कारण समोरच दिसलं. दोन मोठे कंडेन्सर वरून पुरीसारखे फुगले होते आणि एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग होता.

ह्या कंडेन्सरचं काम आपल्या घरातल्या पाण्याच्या टाकीसारखं असतं. नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं, आपण वापरतो रोज. मधला काळ टाकी निभावते. भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. चार डायोड तिला एकाच दिशेला वळवतात, त्यामुळे सेकंदाला १०० हेलकावे तयार होतात. दोन हेलकाव्यांमधला खड्डा कंडेन्सर भरून काढतो. आतला द्रव सुकला की टाकीत गाळ साचल्यासारखं होतं, खड्डे उघडे पडतात आणि तोच १०० हर्ट्‌झचा 'हूं' ऐकू येतो. माझ्या कंडेन्सरवर ४७०० मायक्रोफॅरड (टाकी किती मोठी, ह्याचं माप) छापलं होतं, मीटरवर १९०० भरले. पखवाजाची थाप पडली की ॲम्प्लिफायर एकदम जास्त वीज ओढतो. टाकीत तेवढी नसली, तर थाप चपटी होऊन बाहेर पडते.

हा द्रव सुकतो उष्णतेने. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेरच ४२-४४ अंश असतात, आणि वर विणलेला रुमाल टाकलेल्या डब्यात ६५ सहज होतात. कंडेन्सरवर '८५ अंश' छापलेलं असतं. म्हणजे त्या तापमानाला तो साधारण २००० तास टिकेल, अशी हमी. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं, हा ठोकताळा. मग ६५ अंशांना ८००० तास. रोज चार तास लावला तर साडेपाच वर्षं. तेवढ्याच तासांची हमी असलेला '१०५ अंश' वाला घेतला, तर ह्याच हिशोबाने जवळजवळ २२ वर्षं निघतात. किमतीत फरक थोडाच पडतो. मराठवाड्यात ॲम्प्लिफायर सुधारायचा म्हणजे सगळ्यात आधी हे करावं, असं माझं ठाम मत आहे. (प्लग काढल्यावरही ह्या टाकीत वीज शिल्लक असते. बल्ब किंवा रेझिस्टर लावून ती रिकामी केल्याशिवाय आत हात घालू नका.)

नवे कंडेन्सर बसले आणि 'हूं' गेला. हा फरक ओळखायला कुणाला तयारीचा कान लागत नाही, स्वयंपाकघरातून आईनेच विचारलं, "बंद केलास का रे?"

मग हाव सुटली. आवाज ज्या छोट्या २.२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून आत येतो, तो काढून महागडा पिवळा फिल्म कंडेन्सर (आत द्रवाऐवजी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असलेला) घातला, पण फक्त उजव्या बाजूला. दोन्ही बाजूंना एकच मोनो भजन दिलं आणि एकाच स्पीकरला चेंजओव्हर स्विच लावून ऐकलं. काय सांगू, उजवीकडे टाळांचा किणकिणाट मोकळा झाला होता, आवाज पुढे आला होता! दोन दिवस मी त्याच आनंदात होतो.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवरून ४०० हर्ट्‌झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मीटर धरला. डावीकडे २.०० व्होल्ट, उजवीकडे २.१५. म्हणजे ०.६ डेसिबलचा फरक. तो कंडेन्सरमुळे नव्हता, आवाजाच्या बटणामुळे होता. त्याच्या आत दोन कार्बनच्या पट्ट्या असतात आणि त्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. इतका लहान फरक कानाला 'मोठा' असा जाणवत नाही, 'चांगला' असा जाणवतो. आवाज हळू असताना कान खर्जाला बधिर असतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधून दाखवून दिलं. त्यामुळे आवाज जरा वाढला, की भरदारपणा आपोआप येतो.

बॅलन्सच्या बटणाने दोन्हीकडे २.०० व्होल्ट केले. मग भाचीला स्पीकरमागे बसवलं. ती नाणं उडवायची, छाप पडला तर उजवी बाजू, काटा पडला तर डावी, आणि गुपचूप वहीत लिहायची.

"मामा, सांगा, कोणतं?"

१६ वेळा विचारलं, ९ उत्तरं बरोबर आली. नुसती नाणेफेक केली तरी ९ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४० टक्के आहे. १२ बरोबर आली असती तर मी मानलं असतं, कारण तेवढी निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

कागदावर हिशोब केल्यावर त्याचं कारणही कळलं. पुढे ४७ किलोओहमचा रेझिस्टर असताना २.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जेमतेम दीड हर्ट्‌झच्या खालचं अडवतो. आपला कान सुरू होतो २० हर्ट्‌झला. म्हणजे ऐकू येणाऱ्या सुरांना तो जवळपास उघडंच दार आहे. दार कुठल्या लाकडाचं, ह्याने काय होणार? तोच कंडेन्सर सुकून ०.१ मायक्रोफॅरडवर आला असता तर मात्र ३४ हर्ट्‌झपर्यंतचा खर्ज खाल्ला असता.

जाता जाता: आमच्या खोलीत शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. स्पीकरसमोरच्या भिंतीवर आजीची वाकळ टांगली, तेव्हा आवाज जो बदलला तो भाचीने १६ पैकी १६ वेळा डोळे मिटून ओळखला. वाकळ तिथेच आहे. पिवळा कंडेन्सरही उजव्या बाजूला तसाच आहे, आणि डावीकडे जुना.