कडेवरचं ‘नायट्रेट’ नेमकं कुणाचं?

सिनेमाचं जुनं ३५ मिमीचं रीळ हाती आलं, कडेला इंग्रजीत ‘नायट्रेट’, म्हणजे पेट घेणारी फिल्म, असं वाचलं, की घरात धावपळ. ‘सेफ्टी’ वाचलं, की तोच डबा माळ्यावर पत्र्याखाली. दोन्ही वेळा ती अक्षरं हातातल्या फिल्मची आहेत, की ज्या निगेटिव्हवरून ती छापली तिची, हे कुणी बघत नाही. सगळा घोळ इथेच आहे.

बाकीचं बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून भरभर. फिल्मची पट्टी ज्या पदार्थाची असते, त्याचे तीन प्रकार: नायट्रेट, अॅसिटेट आणि पॉलिएस्टर. नायट्रेट भडकतं. जळताना लागणारा ऑक्सिजन त्याच्यातच असल्यामुळे पाण्यानेही विझत नाही. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. अॅसिटेट म्हणजेच ‘सेफ्टी’. ते भडकत नाही, पण सडतं, आणि सडताना व्हिनेगरचा वास येतो. तो वास आला तर रीळ अॅसिटेटचं. पॉलिएस्टर हाताने फाटत नाही, आणि गुंडाळी उजेडासमोर धरून बाजूने पाहिली तर प्रकाश आरपार झिरपतो. कोडॅकने १९५१च्या सुमारास नायट्रेट बनवणं थांबवलं, इतर काही देशांत ते पुढेही चाललं. १६ मिमीचं रीळ असेल तर हा लेख इथेच सोडा. ते माप आलं तेच सेफ्टी फिल्मवर.

आता कड. कच्ची फिल्म बनवतानाच कारखान्यात तिच्या कडेवर उजेडाने अक्षरं उमटवतात. फिल्म रसायनात धुतल्यावर ती दिसतात, आणि उजेड लागलेला भाग काळा होत असल्यामुळे काळी दिसतात. निगेटिव्ह असो वा प्रिंट, फिल्मची स्वतःची अक्षरं काळी.

मग त्या निगेटिव्हवरून प्रिंट काढली. छापताना उजेड कडेवरही पडू दिला, तर निगेटिव्हच्या कोऱ्या कडेतून तो पार जातो आणि प्रिंटची कड काळी होते. निगेटिव्हवरच्या काळ्या अक्षरांनी मात्र उजेड अडवला, म्हणून तिथे प्रिंट कोरी राहते. परिणामी काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं. ‘नायट्रेट’ असं पांढऱ्यात, काळ्या पट्टीवर दिसलं, तर नायट्रेट होती ती निगेटिव्ह. प्रिंट पुढे कितीही वर्षांनी अॅसिटेटवर काढलेली असू शकते.

आणि खरी गंमत अशी की प्रिंटची स्वतःची ‘सेफ्टी’ ही काळी अक्षरं त्याच काळ्या पट्टीत बुडून जातात. वाचणाऱ्याला दिसतं ते फक्त ‘नायट्रेट’. म्हणून दोन्ही कडा बघायच्या, दातऱ्यांच्या (कडेच्या भोकांच्या) आतबाहेर, भिंग लावून, रिळाच्या सुरुवातीला आणि मध्येही. छपाईत एखादी कड झाकलेली असेल तर तिथे स्वतःची काळी अक्षरं स्वच्छ सापडतात.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा. पांढऱ्यात ‘सेफ्टी’ दिसलं म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. ती फक्त निगेटिव्हची ग्वाही. दोन्ही प्रकारची फिल्म वापरात होती त्या काळातली प्रिंट स्वतः नायट्रेटवर असू शकते.

काळी अक्षरं म्हणजे नक्की स्वतःचीच, असंही डोळे मिटून धरू नका. मूळ निगेटिव्हवरून नक्कल करण्यासाठी आधी मास्टर पॉझिटिव्ह काढतात आणि तिच्यावरून ड्यूप, म्हणजे नकलेची, निगेटिव्ह. मास्टर पॉझिटिव्हवरची काळी अक्षरं ड्यूप निगेटिव्हवर पांढरी उतरतात आणि तिच्यावरून काढलेल्या प्रिंटवर पुन्हा काळी होतात. अशी दोनदा उतरलेली अक्षरं भिंगाखाली जरा फुगीर, काठ विरघळल्यासारखे दिसतात. फिल्मची स्वतःची अक्षरं धारदार असतात. थोडक्यात, पांढरी अक्षरं नक्की दुसऱ्याची, काळी बहुधा स्वतःची.

सालाच्या खुणांचंही तेच. कोडॅकच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण असतात, आणि ही मालिका दर वीस वर्षांनी फिरून येते: एकटं वर्तुळ म्हणजे १९१६, १९३६, १९५६ किंवा १९७६. या खुणाही अक्षरांसारख्याच छापून उतरतात. त्यामुळे पांढरं वर्तुळ बघून ‘१९३६ची प्रिंट’ म्हणून भाव वाढवणाऱ्याला आधी कड दाखवायला सांगा. खूण काळी असली तरी ती कच्च्या फिल्मचं साल सांगते, प्रिंट काढल्याचं नाही.

जाळून बघण्याच्या चाचणीचा मला मनस्वी राग आहे. लोक रिळाशेजारी बसून काडी ओढतात! चाचणी हवीच असेल तर कडेचा बारीक तुकडा प्रयोगशाळेत द्या. तिथे तो ट्रायक्लोरोएथिलीनमध्ये टाकतात. नायट्रेट बुडतं, अॅसिटेट तरंगतं. ते रसायन स्वतः विषारी आहे, घरच्या वाटीत हा प्रयोग नको.

शेवटचं, कारण हे हमखास राहून जातं: एका डब्यात एकच प्रकारची फिल्म असते हे कुणी सांगितलं? तुटलेली प्रिंट दुसऱ्या प्रिंटच्या तुकड्याने सांधलेली असते. सुरुवातीची कोरी पट्टी तर बहुतेकदा नंतरची, सेफ्टीचीच, आणि पाहणारा नेमकी तेवढीच उलगडून डबा बंद करतो. प्रत्येक जोडाच्या पुढे कड नव्याने वाचायची.